आधी तिनं बोलायचं

आबा,

आपल्या खानावळीतलं ताट महाग झालं. तुम्ही असता तर एवढं ऐकूनच हातातला अडकित्ता खाली ठेवला असता आणि माझ्याकडं असं बघितलं असतं की पुढचं बोलायचं मी विसरून गेलो असतो. म्हणून पुढचंही एका दमात सांगतो. चूल चालू आहे, मावशी चुलीपुढं आहे, गिऱ्हाईक आहे, आणि तुमची सून गल्ल्यावर बसून मला टोमणे मारण्याइतकी खुशीत आहे. गंगाखेडचा बसस्टँड तुमच्या वेळचा राहिला नाही, उसाचे ट्रॅक्टर आता गाणी लावून जातात, पण दुपार झाली की आपल्या दारातून भाकरीचा वास रस्त्यावर जातो आणि बसमधून उतरलेला माणूस पिशवी सावरत मान वळवतो, ते अजून तसंच आहे. मी सत्तरी ओलांडली. तुम्ही ज्या वयात गेलात त्याच्या पुढं कधी निघून आलो, कळलंच नाही. तसं बघितलं तर आता मी तुमच्यापेक्षा वडील आहे, तेव्हा थोडं ऐकून घ्या.

तुमचा पाडवा आठवतो. आपल्या मुलखात सालगडी पाडव्याला ठरतो, मालक आणि गडी वर्षाची बोली करतात. शेतावरची ती रीत तुम्ही खानावळीत आणली होती. दुपारी दार लोटलेलं असतं. गुढीपुढचा निवद वाटून झालेला असतो. चुलीसमोर पोतं अंथरून त्यावर भाकरी थापणारी, भांडी घासणारा, पाणी भरणारा असे सगळे बसलेले, आणि तुम्हीही त्याच पोत्यावर, मांडी घालून. कडुनिंब-गुळाची गोळी तुम्ही एकेकाच्या तळहातावर ठेवता आणि गप्प बसता. कारण नियम तुमचाच: आधी कामाच्या माणसानं बोलायचं. वर्षाला काय पाहिजे ते त्यानं सांगायचं, मालकानं तोवर तोंड उघडायचं नाही. मालक आधी बोलला तर त्याचा अर्थ एकच. पाणी भरणारा तो गडी, ज्याचा अर्धा दिवस सिनेमाच्या तंबूत जायचा, त्याला एका पाडव्याला तुम्ही बसल्या बसल्या म्हणालात, "तुझा हिशेब झाला," आणि त्याच्या हातात नारळ ठेवलात. तेव्हापासून चुलीपुढच्या सगळ्यांना पक्कं ठाऊक झालं, आबा आधी बोलले की नारळ.

मावशी तेव्हा नवी होती. मेंढरं राखणाऱ्या घरातून आलेली, पदर दातात धरून बसणारी सून. तिला तेव्हा मावशी कुणी म्हणत नव्हतं, ते नाव नंतर गिऱ्हाइकांनी दिलं. तिचा पहिला पाडवा. ती बोलेना. तुम्ही बोलेना. चुलीतल्या राखेचासुद्धा आवाज येईल एवढी शांतता. मी नुकताच मॅट्रिक होऊन तुमच्या हाताखाली आलेला, डोक्यात शाळेतल्या कविता घोळत असलेला, मला ते सहन होईना आणि मी म्हणून गेलो, "मागच्या बाईला होतं तेवढंच देऊ की हिला." तुम्ही माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. म्हणालात, "ऊठ. भाईर जा. तिचं तोंड तुला दिलंय का?" सगळ्यांदेखत उठलो. बाहेर गुढीखाली उन्हात उभा राहिलो, वर साखरेची गाठी हलायलेली, आणि बऱ्याच वेळानं आतून तिचा बारीक आवाज आला. मागून कळलं, तिनं मागच्या बाईपेक्षाही कमी सांगितलं होतं. तुम्ही "बरं" म्हणालात. नियमात बसत होतं.

त्याच आठवड्यात तुम्ही तो फळा आणलात. शाळेच्या भिंतींवर सिमेंटचे फळे झाले होते, लाकडी काढून टाकलेले. त्यातला एक डोक्यावर घेऊन भर बाजारातून आलात. कोपरा फुटलेला, पण वर कुणातरी गुरुजींच्या हातची सुविचाराची पुसट रेघ अजून होती. भिंतीला टेकवून म्हणालात, "वर भाजी लिही. खाली तुझं काय ते लिही." एवढंच. रागावल्याबद्दल एक शब्द नाही. मी पहिल्या दिवशी लिहिलं,

आज दाळवांगं अन् कांदा,
बसा निवांत, सोडा धंदा.

तुम्ही त्यावर कधी काही बोलला नाहीत. पण दुपारी गिऱ्हाईक पांगलं की तुम्ही फळ्यासमोर उभे राहायचा, ओठ हलायचे, आणि मी आलो की भाजीचं नाव वाचत असल्यासारखं करायचा. दाळवांगं वाचायला एवढा वेळ लागतो का, आबा?

आता यंदाचं सांगतो. होळीला माझी नात आली, तुमची पणती. पुण्यात अर्थशास्त्र शिकते. चुलीजवळ बसून कांदे चिरता चिरता बोलत राहते, आणि तिच्या डोळ्यांतलं पाणी कांद्याचं आहे की जगभरातल्या मजुरांसाठीचं, ते कळत नाही. तिचा विषय किमान वेतन. म्हणजे कामाच्या माणसाला याच्या खाली द्यायचं नाही, असा सरकारनं घातलेला आकडा. कुठल्या देशानं तो घातला आणि मग तिथं काय झालं, हेच ती रात्रंदिवस वाचते. मला त्यातलं अर्थशास्त्र कळत नाही, पण देशांची नावं ऐकली की माझं मन उडतं हे तुम्हाला ठाऊक आहे. भूगोलाच्या तासाला मी नकाशावरच्या समुद्राला हात लावून बोटं ओली झाली का बघायचो.

ती म्हणाली, अमेरिकेत एका नदीच्या दोन काठांवर दोन राज्यं आहेत. एका काठानं हा आकडा वाढवला, दुसऱ्यानं नाही. मग शिकलेली माणसं दोन्हीकडच्या खानावळी तपासायला गेली. मला लगेच गोदावरी दिसली. अलीकडं आपण, पलीकडं दुसरी खानावळ, आणि मधे नावेत बसून एक प्रोफेसर भाकऱ्या थापणाऱ्या बाया मोजायलाय. "मग काय निघालं?" मी विचारलं. "सगळ्यांना वाटलं होतं पगार वाढला की माणसं कमी करतील. तसं दिसलं नाही, आजोबा." "म्हणजे मिटलं." "कुठलं मिटतंय! दुसऱ्यांनी पुन्हा तपासलं, त्यांचं उत्तर वेगळं आलं. अजून भांडतायत." मग तिनं ब्राझील सांगितलं, जिथं म्हाताऱ्यांची पेन्शनही याच आकड्याला बांधलेली, तो चढला की घरातल्या आजीचा मानही चढतो. कोरिया सांगितला, तिथं आकडा झपाट्यानं वाढवला तेव्हा छोट्या दुकानदारांनी ओरड केली आणि बऱ्याच जणांनी ऑर्डर घ्यायला माणसाऐवजी यंत्र बसवलं. जर्मनीत हा कायदा अगदी अलीकडं आला; लाखो माणसं घरी बसतील म्हणत होते, तसं झालं नाही, पण काही बारकी दुकानं बंद पडली आणि तिथली माणसं मोठ्या दुकानांत गेली. तुमची सून पीठ चाळायलेली. चाळण थांबवून म्हणाली, "म्हंजे बारकी ती आपण. बंद पडली ती आपण." आणि उत्तरेकडं, जिथं उन्हाळ्यात सूर्य मावळायलाच विसरतो, तिथल्या काही देशांत असा कायदाच नाही. कामगार आणि मालक समोरासमोर बसून ठरवतात. मी चमकलो. म्हटलं, "अगं, हा तर आबांचा पाडवा!" ती हसली. "हो, पण तिथं कामाची बाई एकटी बसत नाही. त्या धंद्यातल्या सगळ्या जणी मिळून बसतात."

मग तिनं विळी आडवी केली आणि हळूच म्हणाली, "आजोबा, आपल्याकडंही आकडा आहे. हॉटेल-खानावळींचा वेगळा. आपण मावशीला त्याच्या खाली देतो." तिनं मोबाइलवर तक्ता काढला. कुशल, अर्धकुशल, अकुशल. "भाकरी थापणं कशात धरायचं?" ती मलाच विचारायला लागली. तुमची सून म्हणाली, "तक्ता करणाऱ्या साहेबाला पीठ देऊन थापायला बसव. मंग कळंल कशात धरायचं ते."

हसलो सगळे, पण पिठलं रटरटत होतं आणि मी तिकडंच बघत राहिलो. आकडा द्यायचा तर ताट महाग करावं लागणार. ताट महाग झालं की बसचं गिऱ्हाईक समोरच्या वडापावच्या गाड्यावर जाणार, आणि गिऱ्हाईक गेलं की तुमची चूल विझणार. मग कायद्याप्रमाणे पगार झालेली मावशी कुठं जाणार? आणि नाही द्यायचं तर उन्हात उभा राहून ऐकलेला तो बारीक आवाज माझ्या कानातून जाईना. तुमच्या सुनेनं दोन दिवस विचार केला आणि म्हणाली, "द्या. त्या बाईच्या भाकरीवर आपली लेकरं शिकली. चूल इझलीच, तर जर्मनीला काय म्हणायचं ते म्हणू."

पाडवा आला. नात पुण्याला परत गेली होती. भांडी घासणारा माणूस सणाला गावी गेलेला, त्यामुळं पोत्यावर मी, मावशी आणि जरा बाजूला तुमची सून. गोळी दिली. मावशीनं तोंडात टाकली, तोंड वाकडं केलं, डोळे मिटले. आणि आबा, मी सकाळपासून इतका आनंदात होतो, डोक्यात त्या सगळ्या नद्या आणि न मावळणारे सूर्य असे फिरायलेले, की ती डोळे उघडायच्या आत मी बोललो. म्हणालो, "मावशी, आता तुम्हाला या महिन्यापासून..." आणि तो आकडा सांगितला. छाती फुगवून सांगितला. मला वाटलं ती हसेल.

तिचा चेहरा पांढरा पडला. गुळाचा घास तसाच गालात. उठली, आपली लाकडी काठवट धुऊन उपडी ठेवली, पदरानं हात पुसले. "वैनी, यिऊ का मंग," एवढं म्हणाली आणि दार ढकलून गेलीसुद्धा. तुम्ही इथं हसला असाल. तुमच्या सुनेनं कपाळावर हात मारला. "अहो, तुमी आधी बोललाव! आबाच्या चुलीवर मालक आधी बोलला की काय आस्तं? एवढा मोठा आकडा तिनं ऐकलाच न्हाई. तिला नारळ दिसला, नारळ!"

चपला पायात सरकवून निघालो. तिचं घर नदीकडच्या उतारावर, दारात शेळ्या. ती ओट्यावर बसून शेळीला कडुनिंबाचा पाला चारायली होती. माझ्याकडं न बघता म्हणाली, "नारळ ऱ्हायला व्हय द्यायचा?"

"मावशी, काढलं नाही तुम्हाला. पगार वाढवलाय."

"मंग आधी कशाला बोललाव?"

"चुकलो."

ती बघायला लागली. मग ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. "आबा आस्ते तर भाईर उन्हात उभं केलं आस्तं तुमाला. त्या साली केल्तं तसं." तिच्याही लक्षात होतं, आबा! मी म्हटलं, "आताही उन्हातच उभा आहे." तेव्हा तिनं ओट्यावर जागा करून दिली.

तिथं आमची बोली सुरू झाली, आणि अशी बोली तुमच्या अख्ख्या हयातीत झाली नसेल. तिनं गेल्या सालापेक्षा थोडं वर सांगितलं. मी म्हणालो, कमी आहे. ती म्हणाली, बास हाय. मी म्हणालो, वाढवा. "भाऊ, डोकं फिरलंय का?" ती म्हणाली. "एवढं मला द्याल, ताट महाग कराल, लोक वडापाव खाऊन बसमधी बसतील. चूल इझंल. मंग ह्या वयात मला कोण ठिवंल?" मी नातीनं सांगितलेली नदी काढली. म्हटलं, तिथं पगार वाढवला तरी माणसं कामावर राहिली.

"कुठली नदी?"

"अमेरिकेतली."

"तिथली माणसं जवारीची भाकर खातेत?"

"नाही."

"मंग?" असं म्हणून तिनं शेळीचं तोंड दुसऱ्या फांदीकडं वळवलं. मी जर्मनी आणि ब्राझील खिशातच ठेवले.

मीही एक फांदी उचलून शेळीपुढं धरली. मग मी विचारलं, "पहिल्या पाडव्याला तुम्ही मागच्या बाईपेक्षा कमी का सांगितलं होतं?" ती म्हणाली, "भ्यायले व्हते. जास्ती मागावं आन् आबा न्हाई म्हणावं, मंग? आबा देवमाणूस. पर मागणाऱ्याला आधी बोलायचं लय भ्या वाटतं, भाऊ. तुमी कवा बोललाव आधी? तुमाला काय म्हाईत." मी म्हटलं, "म्हणून तर सरकार आधी बोलून ठेवतं. तुमच्या वतीनं. म्हणजे तुम्हाला भ्यायला नको." तिनं ते चघळलं. "सरकार आधी बोललं की नारळ न्हाई ना?" "नाही." "आन् त्याच्या वर मी बोलू शकते?" "शकता की." ती उठली, साडी झटकली. "चला मंग. पोतं हाय का उचललं वैनीनं? मी बोलते. तुमी गप बसा. आन् एक सांगते, ताट महाग करा खुशाल, भाकर ल्हान करायची न्हाई. ते माझ्याच्यानं व्हायचं न्हाई."

पोतं तसंच होतं. नवी गोळी दिली. मी असा गप्प बसलो, आबा, की तुम्हाला अभिमान वाटला असता. मावशीनं पदर सारखा केला आणि मोठ्यानं, शेजारच्या दुकानात जाईल एवढ्या आवाजात, तो कायद्याचा आकडा सांगितला. मी तोंड उघडणार तोच बोट वर केलं, "थांबा, झालं न्हाई. आन् वर्साला एक लुगडं." तुमची सून म्हणाली, "बघा, लागली बोलायला!" आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं, त्या वेळी तर कांदा नव्हता. मी म्हटलं, "बरं."

दुसऱ्या दिवशी फळा स्वच्छ पुसला आणि लिहिलं,

ताट जरा महाग झालं, राग नसावा,
भाकरीचा पदर मात्र तोच दिसावा.
थापणाऱ्या हाताचाही विचार व्हावा,
चुलीपुढच्या घामालाही भाव मिळावा.

जिंतूर गाडीचा ड्रायव्हर, आपलं जुनं गिऱ्हाईक, हात पुसत पुसत दोनदा वाचून म्हणाला, "कविता लय भारी हाय मालक. पण पैसे किती द्यायचे ते कुठं लिवलंय?" लिहिलंच नव्हतं. सकाळपासून जेवलेले सगळे जुन्याच भावानं देऊन गेले होते, वर दाद देऊन. तुमच्या सुनेनं माझ्या हातातला खडू घेतला आणि आकडा एवढा मोठा लिहिला की शेवटच्या ओळीतला घाम पुसला गेला.

सगळं गोड झालं असं नाही सांगणार. धान्याच्या मोंढ्यातले काही हमाल दिसेनासे झाले. एक भाकर, पिठलं आणि ठेचा असं अर्धं ताट तुमच्या सुनेनं काढलं तेव्हा ते परत आले, आधी दारातून "परवडंल का आमाला?" असं विचारून. भांडी घासणारा माणूस गावाकडंच राहिला. त्याच्या जागी दुसरा ठेवणं झेपलं नाही, तेव्हा दुपारची भांडी मी घासतो. नातीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "आजोबा, हे पण पुस्तकात असतं. हेच मला खटकतं." मी म्हटलं, खटकू दे, त्याशिवाय पुढचं पुस्तक कोण लिहिणार? मला तर बरं चाललंय. राखेनं तवा घासताना शाळेतल्या कवितांची चाल इतकी छान लागते, की समोरचा पानवाला आता फर्माईश करतो.

आणि परवाची गोष्ट, जिच्यासाठी हे सगळं लिहायला बसलो. मावशीच्या सुटीचा दिवस. तुमची सून भाकरी थापायलेली, मी वाढायला. दारातून दोन बाया आल्या, एकीच्या अंगावर कोरं हिरवं लुगडं. मावशी! सोबत येलदरीहून आलेली बहीण. सरळ पुढच्या टेबलावर येऊन बसली. इतकी वर्षं झाली, त्या बाजूनं तिनं खानावळ बघितलीच नव्हती. मान वर करून छत बघितलं, पंखा बघितला, फळा बघितला. मग बहिणीला म्हणाली, "बस आरामशीर. आज आमी गिऱ्हाईक हावोत." मी ताटं वाढली. तिनं भाकरी मोडली, कड दाबून बघितली आणि आतल्या बाजूला ओरडली, "वैनी, कडंनं कच्ची ऱ्हायली!" आतून आवाज आला, "मंग ये आन् थाप!" सगळं दुकान हसलं. दोघी पोटभर जेवल्या, आमटी दोनदा मागितली. उठल्यावर तुमची सून पैसे घेईना. मावशीनं गल्ल्यावर हात ठेवला. "वैनी, आधी मी बोलणार. किती झालं ते मला ठावं हाय. पैसे घ्या, न्हाईतर मी गिऱ्हाईक कशी?" तुमच्या सुनेनं घेतले. मावशी बाहेर पडली आणि रस्ता ओलांडताना मागं वळून आपल्याच खानावळीकडं असं बघून गेली, जसं बसमधून उतरलेला माणूस बघतो.

आबा, हे पत्र कुठं टाकायचं ते मला माहीत नाही. घडी करून फळ्याच्या मागं, फुटक्या कोपऱ्यात ठेवणार आहे. त्याआधी एक सांगतो, कुणाला सांगितलेलं नाही. मावशी ओट्यावर म्हणाली ना, तुमी कवा बोललाव आधी, ते मनात राहिलं. खरंच नाही बोललो. मी घरचा म्हणून दरवर्षी पोत्याच्या मालकाच्या बाजूला बसायचो, आणि दरवर्षी मला वाटायचं की एका पाडव्याला तुम्ही मला समोर बसवावं, हातावर गोळी ठेवावी आणि माझ्या बोलण्याची वाट बघावी. मला काय पाहिजे होतं ते मी कधी मागितलं नाही. भ्यायलो होतो. आता मागतो. मला पैका नको, लुगडं नको. दुपारी गिऱ्हाईक पांगल्यावर तुम्ही फळ्यासमोर उभं राहून खालच्या ओळी मोठ्यानं वाचायच्या, मला ऐकू येईल अशा.

मी आधी बोललो आहे. आता तुम्ही.